गायतोंडे यांच्या प्रेरणेने अमूर्त चित्र : प्रक्रिया आणि विचार

प्रतिकृती, अनुकरण आणि प्रेरणा

एखाद्या चित्रकाराचे काम मनात घर करून राहिले, की त्याच्या वाटेने एक चित्र करून पाहण्याची इच्छा होते. या इच्छेतून तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. प्रतिकृतीत मूळ चित्र जसेच्या तसे पुन्हा रंगवले जाते. अनुकरणात चित्र नवे असते, पण त्याचा चेहरा मूळ चित्रकाराचा असतो. प्रेरणेत त्या चेहऱ्यामागची कामाची रीत आणि त्या रीतीला जन्म देणारे प्रश्न घेतले जातात. अमूर्त चित्राच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. व्यक्तिचित्रात समोरची व्यक्ती बदलली की चित्र थोडेफार आपोआप बदलते. अमूर्त चित्राला असा बाहेरचा आधार नसतो; रंग, पोत, आकार आणि अवकाश हेच त्याचे सर्वस्व असते. तेच उसने घेतले तर स्वतःचे म्हणावे असे काही उरत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांच्या आधारे हा भेद नीट समजून घेता येतो, कारण त्यांचे चित्र ज्या क्रमाने घडले तो क्रम चित्राच्या पृष्ठभागातच साठवलेला असतो.

गायतोंडे : अल्प परिचय

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपणाचा आणि तारुण्याचा मोठा काळ मुंबईत गिरगावात गेला. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला आणि भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर ते दिल्लीत स्थायिक झाले आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. चित्राला हात लावण्यापूर्वीचा चिंतनाचा काळ दीर्घ असे. ही संथ गती त्यांच्या तंत्राशी थेट जोडलेली आहे.

अमूर्ताचे दोन मार्ग

अमूर्त चित्राकडे दोन दिशांनी जाता येते. पहिल्या मार्गात सुरुवात दृश्य वस्तूपासून होते. झाड, घाट किंवा वस्ती यांतील तपशील गाळत गाळत काही रेषा आणि रंगक्षेत्रे शिल्लक राहतात. राम कुमार यांची वाराणसीची चित्रे या मार्गाचे उदाहरण आहेत. दुसऱ्या मार्गात आरंभीही वस्तू नसते. रंगद्रव्य, पृष्ठभाग आणि प्रकाश यांच्यापासूनच चित्र सुरू होते. गायतोंडे आपले काम या दुसऱ्या प्रकारचे मानत, म्हणून वस्तुनिरपेक्ष हे विशेषण त्यांना अधिक योग्य वाटे. प्रेरणा घेणाऱ्याच्या दृष्टीने या भेदाला व्यावहारिक अर्थ आहे. पहिल्या मार्गाने चित्र अडले तर मूळ दृश्याकडे परत जाता येते. दुसऱ्या मार्गाने जाताना परत जाण्यासारखे काही मागे नसते. पुढचा निर्णय कॅनव्हासवर आधी घडलेल्या गोष्टींतूनच शोधावा लागतो.

क्ले ते गायतोंडे

प्रेरणा कशी पचवली जाते याचे उत्तम उदाहरण खुद्द गायतोंडे यांच्या वाटचालीत आहे. जैन हस्तलिखितांतील चित्रे आणि बसोली लघुचित्रे यांचा प्रभाव त्यांच्या आरंभीच्या कामावर होता. नंतर स्विस चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांनी त्यांना खोलवर आकर्षित केले. १९५०च्या दशकातील त्यांच्या कामात क्लेची आठवण करून देणारी रेषा, भूमितीकडे झुकणाऱ्या मनुष्याकृती आणि सपाट रंगक्षेत्रे दिसतात. त्या दशकाच्या अखेरीस आकृती आणि रेषा दोन्ही मागे पडतात, तरीही क्लेचे एक सूत्र टिकून राहते : चित्राने दृश्य जगाची नोंद न करता स्वतःच्या नियमांनी वाढावे. दृश्य साम्य संपले त्यानंतरही प्रेरणा कार्यरत राहिली. म्हणून अनुकरणाचा टप्पा दोषास्पद मानण्याचे कारण नाही. तो शिक्षणाचा भाग आहे. मात्र त्यातून बाहेर काढणारा विचारही त्याच टप्प्यात रुजावा लागतो.

मूळ चित्र पाहणे

अशा अभ्यासाची पहिली पायरी पाहण्याची आहे, आणि ते पाहणे शक्यतो मूळ चित्राचे असावे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही आहेत. छापील पानावर किंवा पडद्यावर चित्राच्या तीन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे आकारमान : माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारा कॅनव्हास तळहाताएवढा झाला, की नजरेला त्यात फिरायला जागा उरत नाही. दुसरी म्हणजे पोत : जाड आणि पातळ रंगांतील चढउतार बाजूने पडणाऱ्या प्रकाशातच कळतो. तिसरी म्हणजे सूक्ष्म छटाभेद : एकमेकींच्या अगदी जवळच्या छटा छपाईत एकाच रंगात मिसळून जातात. गायतोंडे यांच्या चित्राचा मोठा भाग याच तीन गोष्टींवर उभा असल्याने केवळ छायाचित्रावरून केलेला अभ्यास बाह्य आकारांपाशी थांबण्याचा संभव असतो.

दृश्यातून प्रश्नांकडे

पाहिलेल्या चित्राचे प्रश्नांत रूपांतर करणे ही दुसरी पायरी होय. गायतोंडे यांच्या परिपक्व चित्रात सोनेरी, करडे किंवा हिरवट क्षेत्र असते आणि त्यावर लिपीचा भास देणारे विखुरलेले आकार असतात, हे वर्णन झाले. तेवढ्यावर थांबले तर अनुकरण घडते. त्याच चित्राला प्रश्न विचारले की दिशा बदलते. उजेड पांढऱ्या रंगातून येतो की खालच्या थरातून? आकाराची कड स्पष्ट कुठे आहे आणि कुठे विरते? रंगद्रव्य दाट कुठे ठेवले आहे, कुठे पुसून काढले आहे? हाताची हालचाल किती दिसू दिली आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्यांतून कामाच्या मर्यादा ठरवता येतात. उदाहरणादाखल एका अभ्यासचित्राचा विचार पुढे केला आहे : उभा कॅनव्हास, साधारण ९० × ६० सें.मी.; रॉ सिएना, बर्न्ट अंबर आणि टिटॅनियम व्हाइट हे तीनच रंग; साधने रोलर, पॅलेट नाइफ आणि कागद; ब्रशचा वापर शक्य तितका कमी. निळा रंग हेतुपुरस्सर वगळलेला आहे.

कॅनव्हास आणि अस्तर

तैलरंगातील तेल कापडाच्या तंतूंना थेट लागले तर कालांतराने तंतू ठिसूळ होतात. म्हणून कापड आणि रंग यांच्यामध्ये अस्तर लागते. आज बहुधा ॲक्रिलिक जेसोचे दोन-तीन हात दिले जातात. अस्तर रंगाला पकड देते आणि खालून प्रकाशाचे परावर्तनही करते. पातळ, पारदर्शक थरांवर आधारलेल्या चित्रात हे दुसरे कार्य निर्णायक ठरते, कारण चित्राचा उजळपणा बऱ्याच अंशी अस्तराच्या पांढऱ्या रंगावर अवलंबून असतो. त्याचा खडबडीतपणाही महत्त्वाचा आहे. रोलर खरखरीत अस्तराच्या उंचवट्यांवरच रंग ठेवतो आणि खोलगट जागा मोकळ्या सोडतो. अस्तर घासून गुळगुळीत केले तर तोच रोलर सलग पापुद्रा तयार करतो. त्यामुळे चित्राचा पोत पहिला रंग लागण्यापूर्वीच अंशतः ठरलेला असतो. पावसाळ्यातील दमट हवेत कापड सैल पडते आणि बुरशीचा धोका वाढतो, म्हणून कॅनव्हास भिंतीला टेकवून न ठेवता मागून हवा खेळती ठेवावी लागते.

तैलरंग वाळण्याची क्रिया

जलरंग पाणी उडून गेल्याने वाळतो. तैलरंगाची क्रिया वेगळी आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. पातळ थर हाताला कोरडा लागण्यास काही दिवस पुरतात. जाड थराला कित्येक महिने लागू शकतात. रंगद्रव्यानुसारही वेग बदलतो. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट तुलनेने सावकाश. यातून थरांच्या क्रमाचा नियम निघतो : खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा त्यानंतरही हलत राहतो आणि पृष्ठभागाला तडे जातात. उदाहरणातील चित्रात अंबर तळाशी आणि पांढरा रंग वर ठेवण्यामागे हे एक भौतिक कारण आहे. गायतोंडे यांच्या संथपणाकडेही या दृष्टीने पाहता येते. थरांत काम करणाऱ्याला प्रतीक्षा टाळता येत नाही. तिचा उपयोग विचारासाठी करणे हा मात्र त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

पारदर्शक आणि अपारदर्शक थर

रंगाचा थर पारदर्शक की अपारदर्शक, हे रंगद्रव्य आणि तेल यांच्या अपवर्तनांकातील फरकावर अवलंबून असते. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे आणि टिटॅनियम व्हाइटचा २.५ हून अधिक. या मोठ्या तफावतीमुळे प्रकाश विखुरला जातो आणि थर झाकणारा बनतो. खडूची पूड पाण्याच्या रंगात वाळल्यावर पांढरीशुभ्र दिसते. तेलात तीच जवळजवळ पारदर्शक होते, कारण दोघांचे अपवर्तनांक जवळचे आहेत. पारदर्शक थरातून प्रकाश आत शिरतो, अस्तरावरून परततो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. दुहेरी प्रवासामुळे रंग गडद आणि तेजस्वी होतो. आतून उजेड येत असल्याचा भास यातूनच निर्माण होतो. याउलट पांढऱ्याचा अगदी विरळ थर गडद रंगावर दिला तर त्यातील सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि तो भाग थंड, निळसर करडा दिसतो. एकाच तीन रंगांच्या संचातून उष्ण आणि शीत असे दोन्ही परिणाम मिळतात ते यामुळे.

रोलर, पॅलेट नाइफ आणि कागद

ब्रशच्या फटकाऱ्यात मनगटाची दिशा, वेग आणि दाब उमटतो; म्हणजे करणाऱ्याची उपस्थिती उमटते. रोलर ही खूण पुसून टाकतो. त्याने रंग सम पसरतो, पण पूर्णपणे सारखा नाही. दाबातील बारीक फरकांमुळे पृष्ठभागावर अनियमित जाळी तयार होते. पॅलेट नाइफ रंग लावण्याइतकाच काढण्यासाठी उपयोगी पडतो. ओला थर खरवडला की खालचा वाळलेला थर उघडा होतो आणि आकार भर घालून न बनता वजाबाकीतून बनतो. फाडलेल्या कागदाचा उपयोग तिसरा. कागदावर रंग घेऊन तो कॅनव्हासवर दाबला, किंवा ओल्या रंगावर ठेवून उचलला, तर कड ठरावीक राहते आणि आतला पोत मात्र अपेक्षेबाहेरचा उमटतो. गायतोंडे यांनी रोलर आणि नाइफ यांच्या जोडीला वर्तमानपत्रांचे फाटके तुकडेही वापरले. या तिन्ही साधनांत एक समान गुण आहे : ती हाताचे नियंत्रण कमी करतात आणि द्रव्याच्या वागण्याला वाव देतात. योगायोगाला जागा मिळते; तो ठेवायचा की पुसायचा हा निर्णय मात्र चित्रकाराचाच राहतो.

रचना आणि छटामूल्य

छटामूल्य म्हणजे रंग कोणताही असो, त्याचा उजळ-गडदपणा. जवळच्या छटामूल्यांचे आकार एकमेकांत विरघळतात. दूरच्या छटामूल्यांचे आकार सुटे पडतात. गायतोंडे यांच्या अनेक चित्रांत बहुतांश क्षेत्र मध्यम छटांचे असून तीव्र भेद थोड्या जागीच येतात. त्यामुळे नजर प्रथम संपूर्ण क्षेत्र पाहते आणि सावकाश आकारांपर्यंत पोहोचते. कॅनव्हासचे प्रमाणही यात सहभागी असते. आडव्या कॅनव्हासवरील आडवा पट्टा क्षितिज सुचवतो आणि चित्र निसर्गदृश्यासारखे वाचले जाते. उभ्या कॅनव्हासवर ते वाचन दुर्बल होते आणि वर-खाली जाणारी हालचाल प्रबळ होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गायतोंडे प्रामुख्याने उभ्या कॅनव्हासकडे वळले. उदाहरणातील कॅनव्हास उभा ठेवण्याचे कारण हेच : आकार थोडे असले तरी त्यांनी जमीन-आकाश अशी विभागणी सुचवू नये.

चित्र वेगळ्या वाटेला लागते तो क्षण

उदाहरणातील कामाचा क्रम असा : तळाशी अंबरचा पातळ थर, तो वाळल्यावर रॉ सिएनाचे अर्धपारदर्शक लेपन, मग कागदाने उचललेले काही आकार आणि शेवटी विरळ पांढरा. अपेक्षा उष्ण, सोनेरी क्षेत्राची असते. पांढरा थर जिथे सिएनावर येतो तिथे ती पूर्ण होते. मात्र कागदाने सिएना उचलली गेल्यामुळे जिथे अंबर उघडा पडला आहे, तिथे तोच पांढरा रंग निळसर दिसू लागतो. संचात निळा नसताना चित्रात शीत रंगाची बेटे उगवतात. इथे दोन पर्याय असतात. ही बेटे सिएनाने पुन्हा झाकली तर चित्र गायतोंडे यांच्या सोनेरी चित्रांच्या जवळ जाते. ती ठेवली, तर उष्ण आणि शीत यांचे प्रमाण किती, बेटे एकमेकांना जोडावीत की तुटक ठेवावीत, असे नवे प्रश्न उभे राहतात. या प्रश्नांचे उत्तर गायतोंडे यांच्या कोणत्याही चित्रात तयार मिळत नाही, कारण ते याच कॅनव्हासच्या थरांतून निर्माण झाले आहेत. या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे. मूळ चित्रकाराची शिस्त पाळल्यामुळेच तो येतो; मनाला येईल तो रंग हाताशी ठेवला असता, तर निळसरपणा लक्षातही आला नसता.

विराम आणि पूर्णता

वाळण्यासाठी लागणाऱ्या काळात चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवण्याची पद्धत अनेक चित्रकार पाळतात. काही दिवसांनी पाहिले की सवयीने न दिसणारे दोष दिसतात. चित्र उलटे धरणे, आरशात पाहणे, डोळे किलकिले करून केवळ उजळ-गडद तपासणे या तीन परीक्षा उपयुक्त असतात. पहिल्या दोहोंत रचनेचा तोल कळतो, तिसरीत छटामूल्यांचा. वस्तुनिरपेक्ष चित्र केव्हा पूर्ण झाले हे ठरवणे अवघड असते, कारण तुलना करायला बाहेर काही नसते. एक कसोटी अशी : पुढे सुचणारा प्रत्येक बदल आधीचा एखादा आवश्यक संबंध तोडत असेल, तर थांबण्याची वेळ आली आहे. दुसरी कसोटी मूळ प्रश्नांची. उजेड खालून येतो का, कडा हव्या तिथे विरतात का, हाताची खूण किती उरली आहे, याची उत्तरे चित्रात सापडत असतील तर चित्राने आपले काम केले आहे.

कामाची सुरक्षितता

टर्पेंटाइनची वाफ श्वसनाला घातक असल्याने खोलीत हवा खेळती असणे आवश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांबाबत विशेष दक्षता हवी. तेलाच्या प्राणवायूशी होणाऱ्या संयोगात उष्णता बाहेर पडते. चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास ती साठते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून चिंध्या उघड्यावर पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवतात. जी क्रिया रंगाला टिकाऊ बनवते तीच इथे धोक्याचे कारण ठरते. वार्निशचा हातही घाईने देता येत नाही. थरांच्या जाडीनुसार सहा महिने ते वर्षभर थांबणे हितावह मानले जाते.

नैतिक आणि कायदेशीर मर्यादा

भारताच्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. गायतोंडे यांच्या चित्रांबाबत ही मुदत २०६१ अखेरपर्यंत आहे. संरक्षण विशिष्ट कलाकृतीला असते. रोलर वापरणे, थर देणे किंवा उभा कॅनव्हास निवडणे अशा सर्वसाधारण रीतीवर कोणाचा हक्क नसतो. तरीही कायद्यापलीकडे एक जबाबदारी उरते. एखाद्या चित्राची प्रतिकृती अभ्यासासाठी केली असेल तर मागील बाजूस तसा स्पष्ट उल्लेख असावा, मूळ चित्रकाराची स्वाक्षरी कधीही करू नये. प्रेरणेतून केलेले चित्र प्रदर्शनात ठेवताना ऋणनिर्देश केल्याने त्याचे मूल्य घटत नाही. उलट पाहणाऱ्याला दोन चित्रांतील साम्य आणि अंतर दोन्ही तपासता येतात.

पद्धतीच्या मर्यादा

प्रक्रिया घेतली म्हणजे चित्र चांगले होईलच असे नाही. तंत्र शिकता येते, पण कोणता योगायोग ठेवावा हे ठरवणारी दृष्टी दीर्घ सरावाने घडते. गायतोंडे यांच्या निर्णयांमागे अनेक वर्षांचे पाहणे, वाचन, संगीताचे श्रवण आणि झेन विचाराचे चिंतन होते. रोलर आणि कागद यांचीही लवकर सवय जडते आणि मग योगायोगही ठरावीक साच्यात येऊ लागतात. एकाच चित्रकाराचा अभ्यास फार लांबला तर त्याचे प्रश्नच एकमेव प्रश्न वाटू लागतात. यावर उपाय म्हणजे अभ्यासाची चौकट वेळोवेळी बदलणे : तीच शिस्त ठेवून रंगसंच बदलावा, किंवा तोच रंगसंच ठेवून ब्रशकडे परतावे. जो गुण अशा बदलानंतरही टिकतो तो शिकणाऱ्याचा झालेला असतो. जो गळून पडतो तो उसना होता.

फलित

आवडत्या चित्रकाराच्या प्रेरणेने केलेल्या अमूर्त चित्राचे मोल मूळ चित्राशी असलेल्या साम्यावर मोजता येत नाही. त्याचा पहिला लाभ पाहण्यात होतो. पारदर्शक थर स्वतः दिल्यावर, वाळण्याची वाट पाहिल्यावर आणि कागद उचलताना आकार कसा उमटतो हे अनुभवल्यावर संग्रहालयातील चित्रात पूर्वी न दिसलेले निर्णय दिसू लागतात. दुसरा लाभ कामात होतो. रंगद्रव्याचा गुण, वाळण्याचा वेग, थरांचा क्रम, साधनाची निवड आणि रचनेचा तोल या गोष्टी सुट्या नसून एकातील बदल बाकीच्यांना हलवतो, हे प्रत्यक्ष उमगते. क्लेकडून गायतोंडे यांनी चित्राच्या स्वतंत्र वाढीचा विचार घेतला आणि तो आपल्या द्रव्यांतून, आपल्या गतीने पुन्हा सिद्ध केला. गायतोंडे यांच्याकडून घेण्यासारखी गोष्टही तीच आहे. प्रेरणेची पूर्ती साम्य साधण्यात नाही. समोरच्या कॅनव्हासने मूळ चित्रकाराला कधीच न पडलेला प्रश्न विचारला आणि त्याला प्रामाणिकपणे उत्तर दिले गेले, की ती होते.